मुकादमाचे खाते

महाराष्ट्र सरकारात ‘रोजगार’ हा शब्द दोन मंत्र्यांच्या पाटीवर आहे. एकीवर ‘कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता’ असे लांबलचक लिहिलेले, दुसरीवर ‘रोजगार हमी’. डिसेंबर २०२४ च्या खातेवाटपात पहिली पाटी मंगलप्रभात लोढा यांच्या वाट्याला आली, दुसरी भरत गोगावले यांच्या. आणि गोगावल्यांना रोजगार हमीबरोबर फलोत्पादन आणि खारभूमी विकासही मिळाला. कामगार खाते आकाश फुंडकरांकडे, उद्योग उदय सामंतांकडे. पाट्यांची वानवा नाही. (‘नाविन्यता’ हा शब्द कुठे घडला कोण जाणे. नावीन्य म्हणजेच नवेपणा. त्याला आणखी ‘ता’ चिकटवणे म्हणजे ‘सौंदर्यता’ म्हणण्यासारखे. पण शब्द लांबवला की काम वाढल्यासारखे वाटते, ही मंत्रालयाची जुनी समजूत.)

या सगळ्या पाट्यांत एक शब्द मात्र कुठेच सापडत नाही, तो म्हणजे स्थलांतर. पोटासाठी गाव सोडणारा माणूस कोणत्या मंत्र्याचा, हे या राज्यात अजून ठरलेले नाही.

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांत कोणत्याही फाट्यावर पहाटे उभे राहावे. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या. त्यांत पत्र्याची पेटी, बाजरीची गोणी, कोपीवर टाकायचा प्लास्टिकचा कागद, घागरी, एखादी शेळी, टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या, आणि या सगळ्याच्या वर बसलेली माणसे. पोर लहान असेल तर बरोबर. शाळेतले असेल तर म्हातारीजवळ, नाहीतर हंगामी वसतिगृहात. पुढचे पाच-सहा महिने त्यांचा पत्ता कोल्हापूर, सांगली, सोलापूर, सातारा किंवा कर्नाटकातला एखादा उसाचा फड. असे किती लोक जातात यावर एकमत नाही. आठ लाखांपासून बारा-पंधरा लाखांपर्यंत ज्याचा त्याचा आकडा. दरवर्षी ठरल्या महिन्यात, ठरल्या रस्त्याने, ठरल्या कारखान्यांकडे जाणाऱ्यांचा आकडा राज्याला ठाऊक नसावा, यातच सगळे आले.

पण त्यांचा हिशेब कुठेच नाही असे मात्र नाही. तो मुकादमाच्या, म्हणजे तोडणीची टोळी जमवणाऱ्याच्या, वहीत असतो. तिथे प्रत्येक कोयत्याचे खाते उघडलेले असते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. खात्यावर पहिली रक्कम उचलीची, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांची. मग आठवड्याच्या बाजाराला दिलेली खर्ची, दवाखान्याला दिलेले पैसे, पडलेले खाडे, आणि दुसऱ्या बाजूला तोडलेल्या उसाचे टन. कोण कोणत्या गावचा, कोणाची बायको बाळंतपणाला टेकली आहे, कोणाच्या पोरीचे लग्न वैशाखात धरले आहे, ही माहिती त्याच्याइतकी जिल्हाधिकाऱ्याकडेही नसते.

विचार करा, रोजगार कोण देतो? मुकादम. भांडवल कोण पुरवतो, माणसे कोण जमवतो, जोखीम कोण घेतो? तोच, म्हणजे उद्योजकही तोच. कुठे जायचे, कधी निघायचे, कधी परतायचे हे ठरवतो तोच. रोजगार, उद्योजकता आणि स्थलांतर ही तिन्ही खाती एका माणसाकडे एकवटलेली हवी असतील, तर महाराष्ट्रात ती मुकादमाकडे आहेत, आणि त्याला शपथही घ्यावी लागलेली नाही.

मुकादमाला सरसकट खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. तोही बहुधा एकेकाळी कोयता धरलेलाच असतो. कारखाना वाहतूकदाराशी किंवा त्याच्याशी तोडणी-वाहतुकीचा करार करतो, स्टॅम्पपेपरवर सही घेतो, पैसे देतो. ते पैसे तो गावात वाटतो. टोळी पळाली, किंवा उचल एकाकडून घेऊन दुसऱ्याबरोबर गेली, तर बुडतो तो. वाहतूकदारांना टोळ्यांनी आणि मुकादमांनी गंडवल्याच्या तक्रारी साखरपट्ट्यात दर हंगामात होतात, आणि त्या सगळ्या खोट्या नसतात. उलट बाजूने, उचल फिटली नाही म्हणून माणसे अडकवून ठेवल्याच्याही तक्रारी होतात. त्याही खोट्या नसतात. दोन्हीचे मूळ एकच. या व्यवहारात कायद्याच्या नजरेला दिसेल असा मालक नाही. कारखाना म्हणतो, आमचा करार मुकादमाशी. मुकादम म्हणतो, मी मधला माणूस. फडात रात्री दोनला गाडी आली की मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढणाऱ्या बाईने मग आपला मालक कोणाला म्हणायचे?

आता सरकारची बाजू पाहू. मजुराला गावातच काम मिळावे, त्याला बाहेर जावे लागू नये, हा विचार या राज्याने देशाच्या फार आधी केला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तो मांडला, १९७२ च्या दुष्काळात तो राबवला गेला, १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो लागू झाला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापून खेड्यातल्या मजुराला काम द्यायचे, इतकी सरळ आणि धीट कल्पना. देशाने ती २००५ मध्ये उचलली. मग बीडचे जोडपे रोजगार हमी सोडून कोल्हापूरला का जाते? वर्षानुवर्षे या प्रश्नाला ‘कोरडवाहू शेती’ आणि ‘दुष्काळ’ ही उत्तरे दिली जातात. ती चूक नाहीत, पण अर्धी आहेत. उरलेले अर्धे उत्तर मुकादमाच्या वहीत पहिल्या ओळीवर लिहिलेले आहे. सरकार काम झाल्यावर पैसे देते, तेही मस्टर, मोजमाप आणि बँक या वाटेने जमेल तेव्हा. मुकादम कामाच्या आधी देतो, रोख, घरपोच, आणि एकरकमी. एका कोयत्याला पन्नास हजारांपासून लाख-सव्वा लाखापर्यंत. लग्न, आजारपण, सावकार, बोअर या गोष्टी पंधरवड्याच्या मजुरीने भागत नाहीत. गरिबाला लागते ती ठोक रक्कम, आणि ती विनातारण देणारी एकच यंत्रणा त्याच्या दारापर्यंत येते. तिची किंमत तो आपल्या सहा महिन्यांनी आणि बायकोच्या कमरेने चुकवतो. रोजगार खात्याच्या मंत्र्याला मुकादमाशी स्पर्धा करायची असेल तर ती या उचलीशी आहे. मेळाव्याच्या मांडवाशी नाही.

मेळावे मात्र दांडगे होतात. पूर्वी याच खात्याला लोक ‘एम्प्लॉयमेंटवाले’ म्हणत. जिल्ह्याच्या गावी सेवायोजन कार्यालय, खिडकीपुढे रांग, नाव नोंदवले की एक कार्ड. १९५९ च्या कायद्याने कंपन्यांना रिक्त जागा कळवण्याचे बंधन घातले होते, त्याच कार्यालयातून माणूस घेण्याचे नव्हते. त्यामुळे कार्ड पाकिटात आणि माणूस पारावर अशी कित्येकांची तरुणपणाची वर्षे गेली. आता कार्डाच्या जागी ‘महास्वयम’ पोर्टल आले. ग्रामीण भागात ५११ कौशल्य केंद्रांचे उद्घाटन ऑक्टोबर २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते एकाच दिवशी झाले. २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना आली: बारावीला ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८ हजार, पदवीधराला १० हजार; मुदत सहा महिने, मग वाढवून अकरा. मुदत संपल्यावर तीच मुले ‘आम्हाला कायम करा’ म्हणून रस्त्यावर बसली. त्यात नवल ते काय? सरकारी कचेरीत अकरा महिने काम करून घेतले की त्याला प्रशिक्षण म्हणावे की नोकरी, हे मुलांनी आपापल्या परीने ठरवले. मात्र यातले काहीही त्या ट्रॉलीतल्या माणसापर्यंत पोचत नाही. बारावीची अट पहिल्या पायरीवरच त्याला थांबवते.

मग तो कोणाकडे पोचतो? त्याच्यासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ आहे. ते सामाजिक न्याय खात्याकडे. उसाच्या प्रत्येक टनामागे कारखान्याने १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे, ही त्याची रचना. मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे, तीही त्याच खात्याची. हंगामी वसतिगृहे शालेय शिक्षणाकडे. गरोदर बाई आणि अंगणवाडीतले मूल गाव बदलते, त्याचा माग ठेवायची संगणकप्रणाली महिला व बालविकासाकडे. ओळखपत्र द्यायचे ग्रामसेवकाने, म्हणजे ग्रामविकास. ऊसतोडीतल्या बायकांची गर्भाशये काढल्याच्या प्रकरणाची चौकशी झाली ती २०१९ मध्ये, नीलम गोऱ्हे यांच्या समितीमार्फत, आरोग्य खात्याच्या अंगणात. साखर कारखाने सहकाराकडे. आणि मजुरी? ती तर सरकारच्या कोणत्याच टेबलावर ठरत नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. ती ठरवली साखर संघ आणि मजूर संघटना यांच्यातल्या लवादाने, म्हणजे शरद पवार आणि पंकजा मुंडे यांनी. वाढ झाली हे चांगलेच. पण राज्यातल्या सगळ्यात मोठ्या हंगामी मजुरीचा दर दोन राजकीय घराण्यांच्या शब्दावर ठरतो आणि कामगारमंत्री दुसऱ्या दिवशी तो वर्तमानपत्रात वाचतो, ही व्यवस्था कोणत्या कार्यनियमावलीत बसते? राज्यघटनेच्या १६६ व्या अनुच्छेदाखाली राज्यपाल कामाची वाटणी करणारे नियम करतात, कोणता विषय कोणाचा ते त्यात असते. खारभूमीचा बांधदेखील त्यात कोणाचा तरी असतो.

कायद्यातली गंमत याहून मोठी आहे. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा १९७९ चा. कंत्राटदाराने पाच किंवा अधिक माणसे दुसऱ्या राज्यात नेली तर नोंदणी, विस्थापन भत्ता, प्रवासखर्च, राहण्याची सोय. तो कायदा आता नव्या कामगार संहितेत विलीन झाला. नोव्हेंबर २०२५ पासून संहिता लागू झाली, पाचाचे दहा झाले, पण ‘आंतरराज्य’ हा शब्द जागचा हलला नाही. म्हणजे धारूरची टोळी कागलच्या अलीकडच्या कारखान्यावर थांबली तर ती कायद्याच्या भाषेत स्थलांतरित नाही. तीच टोळी त्याच ट्रॅक्टरमधून महामार्गाने कोगनोळीचा नाका ओलांडून निपाणीकडे गेली, की स्थलांतरित. ऊस तोच, कोयता तोच, मराठी बोलणारा शेतकरीही तोच. चारशे किलोमीटर घर सोडून आलेला माणूस स्वतःच्या राज्यात असेल तर तो ‘स्थानिक’ ठरतो. केंद्राने हे सोडले, कारण त्याच्या यादीत आंतरराज्य स्थलांतरच येते. पण रोजगार आणि कामगारकल्याण हे विषय समवर्ती सूचीत आहेत. राज्यांतर्गत स्थलांतराचा कायदा करायला महाराष्ट्राचा हात कोणी धरला होता?

परदेशी जाणाऱ्याची व्यवस्था निराळी, आणि तीही तितकीच विखुरलेली. मुळात देशाबाहेर जाणे हा केंद्राचा विषय. १९८३ चा उत्प्रवास कायदा, मुंबईतले ‘प्रोटेक्टर’चे कार्यालय, दहावी न झालेल्याच्या पासपोर्टावरचा तो शिक्का. कोकणातल्या आखाती घरांना हे सगळे पाठ आहे. राज्य सरकार या अंगणात हल्ली उतरले. फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार झाला: पहिल्या टप्प्यात १० हजार परिचारिका, वीजतंत्री, चालक, आचारी पाठवायचे. हे काम दिले कोणाकडे, तर शालेय शिक्षण खात्याकडे. कारण आधी जर्मन शिकवायला हवे, आणि शिकवणे म्हणजे शाळा. त्याच वर्षी इस्रायलला जाणाऱ्या बांधकाम मजुरांच्या चाचण्या पुण्यात औंधच्या आयटीआयमध्ये झाल्या. ते अंगण कौशल्य खात्याचे. म्हणजे जर्मनीला जायचे असेल तर मास्तर, इस्रायलला जायचे असेल तर निदेशक, आणि निपाणीला जायचे असेल तर मुकादम.

केरळने १९९६ मध्येच बाहेर गेलेल्या मल्याळी माणसासाठी ‘नोर्का’ हे स्वतंत्र खाते काढले, आणि तिरुवनंतपुरमच्या विकास अभ्यास केंद्राने १९९८ पासून स्थलांतराची पाहणी सुरू करून ती ठरावीक वर्षांनी चालू ठेवली. कोण गेले, कोण परतले, पैसा किती आला, घरी कोण राहिले, हे तिथे मोजले जाते. केरळची सगळीच गाडी रुळावर आहे असे नाही. पण ज्याच्यासाठी उत्तर द्यायचे त्याला आधी मोजावे लागते, हे तिथल्या सरकारला कळले. आपल्याकडे मोजता येत नाही असेही नाही. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत सव्वा लाखाहून अधिक ऊसतोड मजूर कारखान्यांच्या आवारात अडकले, तेव्हा किती कारखान्यांवर किती माणसे, हे सरकारला काही दिवसांत सांगता आले. कारण कारखान्यांच्या शेती खात्याकडे याद्या होत्याच. कोणत्या टोळीने उद्या किती टन आणायचे यावरच त्यांचे गाळप चालते. यादी नेहमीच असते. मागणारा खुर्चीवर लागतो.

आणि उपाय शोधायला केरळलाही जायला नको. सातारा-सांगली-जुन्नरकडचा माणूस मुंबईच्या मशीद बंदरला पाठीवर पोती वाहायला गेला, तेव्हा त्याचाही कोणी मालक नव्हता. आज या पेढीवर, उद्या त्या गोदामात. अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. त्यातली युक्ती साधी होती: मालक एक नाही ना, मग मंडळालाच मध्ये बसवा. मजुराची नोंद मंडळाकडे, व्यापाऱ्याची नोंद मंडळाकडे, मजुरी आणि वरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने मजुराला द्यायची आणि निधी, रजा, उपदान सांभाळायचे. टोळीपद्धत मोडली नाही, तिला कायद्याच्या छपराखाली आणले. या मंडळांत पुढे काय काय शिरले ते वाशीच्या बाजारात कोणालाही विचारावे, पण हमालाच्या मुलाला निधी-उपदान घेऊन निवृत्त झालेला बाप दिसला, तो या कायद्यामुळे. ऊसतोडीला हाच साचा लावा, ही मागणी जुनी आहे. मुकादमाची नोंदणी, उचल बँकेतून आणि मंडळाच्या हमीवर, टनाचे पैसे थेट दोघांच्या दोन खात्यांवर, बाईच्या नावाचे बाईच्या खात्यावर. यात न समजण्यासारखे काही नाही. फक्त ती फाइल घेऊन कोणत्या दालनात जायचे, तिथे घोडे अडते. अण्णासाहेबांच्या नावाचे महामंडळ आहे खरे. ते मराठा तरुणांना धंद्यासाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजाचा परतावा देते. हमालांच्या पुढाऱ्याचे नाव उद्योजकतेच्या पाटीवर गेले, कामगाराच्या पाटीवरून उतरले.

ऊसतोड मजुरांची सगळ्यांना एकदम आठवण झाली, तो प्रसंग सांगायलाच हवा. २०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेचे मतदान २० तारखेला होते आणि गाळप हंगाम सुरू करायचा होता १५ ला. मजूर निघून गेले तर मराठवाड्यातले गावच्या गाव मतदानाला नसेल, म्हणून हंगाम पुढे ढकला, अशी मागणी झाली. कोर्टापर्यंत प्रकरण गेले. त्या पंधरवड्यात कोणालाही आकड्याची अडचण आली नाही. किती लाख मतदार, कोणत्या तालुक्यातले, कोणत्या दिवशी निघणार, कोणाच्या ट्रॅक्टरने, सगळी माहिती हजर होती.

मार्चअखेर, फार तर एप्रिलात कारखान्याचा पट्टा पडतो. शेवटच्या फडाचे वाढे विकून होतात, कोप्या मोडतात, आणि मुकादम वही घेऊन बसतो. एका बाजूला उचल, खर्ची, खाडे. दुसऱ्या बाजूला टन. बेरीज जमली तर ठीक. नाही जमली तर तो पान उलटतो आणि बाकी पुढच्या पानावर सर्वांत वर लिहितो. आषाढात तो पुन्हा दारात येतो, नव्या उचलीचे बोलायला. त्याच दिवसांत मुंबईत पावसाळी अधिवेशन चालू असते, आणि बीडच्या कोणत्या तरी आमदाराचा ऊसतोड मजुरांवरचा प्रश्न छापील यादीत असतो, ‘सदर प्रश्न संबंधित विभागाकडे हस्तांतरित’ असा शेरा घेऊन.